व्हर्च्युअल मशीनला पोर्ट जोडताना: सिरियल, यूएसबी आणि पॅरलल पोर्टबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनं बिलिंग सॉफ्टवेअर, वजनकाटा, डिजिटल सिग्नेचरचं टोकन, कॉलेजच्या लॅबमधला मायक्रोकंट्रोलर बोर्ड. व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोज किंवा लिनक्स बसवणं आता सोपं झालं आहे, पण बाहेरची ही वस्तू आतल्या सिस्टिमला दिसत नाही, आणि काम तिथे अडतं. व्हर्च्युअल मशीन, थोडक्यात व्हीएम, म्हणजे सॉफ्टवेअरने संगणकाच्या आत उभा केलेला दुसरा संगणक. खालची उत्तरं मुख्यतः व्हर्च्युअलबॉक्स हे व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर धरून लिहिली आहेत. व्हीएमवेअर वर्कस्टेशन, हायपर-व्ही किंवा केव्हीएम जिथे वेगळं वागतात, तिथे तसं सांगितलं आहे. ज्या संगणकावर हे सॉफ्टवेअर बसवलं तो होस्ट, आणि त्याच्या आत चालणारी सिस्टिम म्हणजे गेस्ट. मेनूतली नावं आणि आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना मूळ इंग्रजी अक्षरंच लागतील.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढची बरीच उत्तरं तिच्यावर उभी आहेत. पोर्ट एका वेळी एकाच्याच ताब्यात राहतो. तो आत्ता कोणाच्या ताब्यात आहे हे न बघता सेटिंग बदलत बसलं की दिवस जातो आणि हाती काही लागत नाही. तपासताना नेहमी खालून वर जा: आधी वस्तू आणि केबल, मग होस्ट, मग व्हीएमची सेटिंग, आणि सगळ्यात शेवटी गेस्टमधलं सॉफ्टवेअर.

माझ्या लॅपटॉपला सिरियल पोर्टच नाही. मग व्हीएमला तो कुठून मिळतो?

गेस्टला दिसणारा पोर्ट सॉफ्टवेअरने उभा केलेला असतो. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून पहिला सिरियल पोर्ट ३एफ८ या पत्त्यावर आणि ४ क्रमांकाच्या इंटरप्टवर (प्रोसेसरचं लक्ष वेधणारा संकेत) असतो. व्हर्च्युअलबॉक्स तोच पत्ता, तोच इंटरप्ट आणि १६५५०ए नावाच्या जुन्या चिपचं वागणं हुबेहूब उभं करतं. म्हणून डॉसवरचं सॉफ्टवेअरसुद्धा त्याला खरा कॉम१ समजून बोलतं.

या पोर्टला दोन बाजू आहेत हे डोक्यात पक्कं बसवा. पुढची बाजू गेस्टला दिसते: कॉम१ की कॉम२, पत्ता कोणता, इंटरप्ट कोणता. मागची बाजू होस्टकडे असते: आलेली अक्षरं खऱ्या पोर्टवर पाठवायची, फाइलमध्ये लिहायची, की दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमच्या हाती द्यायची. पुढची बाजू बहुतेक वेळा आपोआप बरोबर असते. चुकते ती मागची.

हा पोर्ट आणि २२, ८०, ३३८९ हे पोर्ट एकच का?

नाही. ते नेटवर्कमधले क्रमांक आहेत. व्हर्च्युअलबॉक्समध्ये नेटवर्क नॅटवर, म्हणजे गेस्ट होस्टच्या पत्त्याआड, असेल तर गेस्टला सहसा १०.०.२.१५ हा पत्ता मिळतो आणि बाहेरून थेट आत जाता येत नाही. त्यासाठी नेटवर्कच्या सेटिंगमध्ये पोर्ट फॉरवर्डिंगचा नियम घालायचा, उदाहरणार्थ होस्टचा २२२२ गेस्टच्या २२ ला. या पानावर पुढे फक्त हार्डवेअर पोर्टबद्दल आहे.

सिरियल पोर्ट नेमका कसा जोडायचा?

व्हीएम पूर्ण बंद करा. सेटिंग्जमध्ये सिरियल पोर्ट्स उघडा, पोर्ट १ च्या पानावर एनेबलची खूण करा, पोर्ट नंबर कॉम१ ठेवा, पोर्ट मोड निवडा आणि खाली पत्ता किंवा पाथ लिहा. व्हर्च्युअलबॉक्स ७.१ पासून सेटिंग्जमध्ये बेसिक आणि एक्स्पर्ट असे दोन प्रकार आहेत; सिरियल पोर्ट्सचं पान सापडत नसेल तर एक्स्पर्टवर जा. एका व्हीएमला असे चार पोर्ट देता येतात.

गेस्ट सुरू झाल्यावर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कम्युनिकेशन्स पोर्ट कॉम१ दिसला पाहिजे, लिनक्समध्ये टीटीवायएस०. इतकं दिसलं की पुढची बाजू झाली. आता जे काही अडेल ते मागच्या बाजूला.

पोर्ट मोडमध्ये डिस्कनेक्टेड, होस्ट पाइप, होस्ट डिव्हाइस, रॉ फाइल, टीसीपी असे पर्याय दिसतात. कोणता घेऊ?

खरं यंत्र जोडायचं असेल तर होस्ट डिव्हाइस. विंडोज होस्टवर पाथमध्ये कॉम३ असं नाव लिहायचं, लिनक्सवर देव (dev) या फोल्डरमधलं टीटीवायएस० किंवा टीटीवाययूएसबी०. विंडोजवर क्रमांक १० किंवा त्याच्या पुढचा असेल तर नुसतं कॉम१० चालत नाही. त्याच्या आधी दोन उलट्या तिरप्या रेघा, एक टिंब आणि आणखी एक उलटी तिरपी रेघ लावावी लागते. ही विंडोजची जुनी पद्धत आहे. ती माहीत नसेल तर माणूस केबल बदलत बसतो. त्यापेक्षा डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पोर्टला दहाच्या आतला मोकळा क्रमांक देऊन टाका, कटकट मिटते.

गेस्ट काय बोलतो एवढंच साठवून ठेवायचं असेल तर रॉ फाइल. बूट होताना मध्येच बंद पडणाऱ्या लिनक्सचे शेवटचे संदेश पकडायला याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही. मात्र ही वाट एकेरी आहे, गेस्टकडे काही पाठवता येत नाही.

गेस्टशी दोन्ही बाजूंनी बोलायचं आणि खरं यंत्र मध्ये नाही, तर होस्ट पाइप. विंडोजवर पाइपचं नाव ठरलेल्याच साच्यात लागतं: दोन उलट्या रेघा, टिंब, उलटी रेघ, पाइप हा शब्द, पुन्हा उलटी रेघ आणि मग तुमचं नाव. लिनक्सवर टेम्प फोल्डरमधलं कुठलंही नाव चालतं, तिथे सॉकेट तयार होतं. खाली कनेक्ट टू एक्झिस्टिंग अशी खूण आहे. ती केली नाही तर पाइप व्हर्च्युअलबॉक्स स्वतः तयार करतं; केली तर पाइप आधीपासून असावा लागतो, नाहीतर व्हीएम सुरूच होत नाही. पाइप तयार झाला की विंडोजवर पुट्टी या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये सिरियल निवडून पोर्टच्या जागी पाइपचं पूर्ण नाव द्यायचं. लिनक्सवर सोकॅट या आज्ञेने जोडता येतं.

टीसीपी म्हणजे हेच, पण नेटवर्कवरून. सर्व्हर म्हणून चालवताना पाथच्या जागी फक्त पोर्टचा क्रमांक द्यायचा, क्लायंट असेल तर समोरच्या मशीनचा पत्ता, कोलन (:) आणि क्रमांक. याला पासवर्ड नसतो आणि मजकूर उघडा जातो. त्या क्रमांकापर्यंत जो पोचेल त्याच्या हाती थेट कन्सोल पडतो. ऑफिसच्या सामायिक नेटवर्कवर फायरवॉलने तो बंद केल्याशिवाय हा पर्याय वापरू नका.

आयआरक्यू आणि आय/ओ पोर्टचे आकडे बदलावे लागतात का?

सहसा नाही. आयआरक्यू म्हणजे इंटरप्टचा क्रमांक आणि आय/ओ पोर्ट म्हणजे पत्ता. कॉम१ ला ४ आणि ३एफ८, कॉम२ ला ३ आणि २एफ८, कॉम३ ला ४ आणि ३ई८, कॉम४ ला ३ आणि २ई८ हे ठरलेले आहेत. कॉम१ आणि कॉम३ एकच इंटरप्ट वापरतात हे मात्र लक्षात ठेवा. डॉसच्या सॉफ्टवेअरला दोन पोर्ट द्यायचे असतील तर कॉम१ आणि कॉम२ द्या.

यूएसबी ते सिरियल कन्व्हर्टर आहे. तो व्हीएमला यूएसबी म्हणून द्यावा की कॉम पोर्ट म्हणून?

दोन्ही मार्ग चालतात, पण एकाच वेळी दोन्ही नाही.

यूएसबी म्हणून दिला तर कन्व्हर्टर होस्टकडून सुटतो आणि अख्खा गेस्टकडे जातो. ड्रायव्हर गेस्टमध्ये बसवावा लागतो आणि होस्टवरचा कॉम पोर्ट नाहीसा होतो. कॉम पोर्ट म्हणून, म्हणजे होस्ट डिव्हाइस मोडने दिला, तर ड्रायव्हर होस्टवर राहतो आणि गेस्टला साधा जुना कॉम१ दिसतो.

गेस्ट डॉस, विंडोज ९८ किंवा एक्सपी असेल तर दुसरा मार्ग घ्या. सध्याच्या कन्व्हर्टरचे ड्रायव्हर त्या सिस्टिमसाठी मिळता मिळत नाहीत. होस्टवरच्या विंडोज ११ ला ते सहज मिळतात. शुगर फॅक्टरीच्या गेटवरचा काटा असो की औद्योगिक वसाहतीतल्या वर्कशॉपमधलं मोजमापाचं यंत्र, जुन्या सॉफ्टवेअरला नवा संगणक द्यायचा तर हाच मार्ग सगळ्यात कमी त्रासाचा. बोर्डवर फर्मवेअर चढवायचं असेल, किंवा उत्पादकाचं सॉफ्टवेअर कन्व्हर्टरच्या चिपशी थेट बोलत असेल, तर मात्र यूएसबी म्हणूनच द्या.

विकत घेताना चिप बघा. एफटीडीआय, सीएच३४० आणि पीएल२३०३ या तीन चिप बाजारात सर्वत्र दिसतात. पीएल२३०३ च्या जुन्या आणि नकली आवृत्त्यांना नवा ड्रायव्हर नाकारतो; डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह आणि कोड १० येतो. दोष व्हीएमचा नसतो, पण शिव्या व्हीएम खाते. जिथे उत्पादन किंवा वजन यावर पैसे ठरतात तिथे कन्व्हर्टर स्वस्तातला घेऊ नये.

आणखी एक अडचण वरचेवर येते. ज्या कन्व्हर्टरला स्वतःचा सिरियल नंबर नसतो, तो दुसऱ्या यूएसबी सॉकेटमध्ये लावला की विंडोज त्याला नवा कॉम क्रमांक देतं. साफसफाईच्या वेळी कोणीतरी केबल काढून शेजारच्या सॉकेटमध्ये लावते आणि दुसऱ्या दिवशी व्हीएम सुरू होत नाही. सॉकेटवर कॉम३ अशी पट्टी चिकटवून ठेवा. लिनक्स होस्टवर देव, सिरियल, बाय-आयडी या फोल्डरमधलं लांबलचक नाव पाथ म्हणून दिलं की हा प्रश्न बराचसा सुटतो.

काट्याचं वजन येतं, पण काही आकडे बरोबर आणि काही विचित्र. असं का?

हे पॅरिटीचं, म्हणजे चूक पकडण्यासाठी प्रत्येक अक्षराला जोडलेल्या जादा बिटाचं, लक्षण आहे, आणि नीट बघितलं तर आकडेच सांगतात काय चुकलं ते.

अनेक काटे सात बिट, ईव्हन पॅरिटी आणि एक स्टॉप बिट या पद्धतीने पाठवतात. आपण पुट्टी उघडतो ती आठ बिट आणि पॅरिटी नाही अशी. मग पॅरिटीचा बिट आठवा बिट म्हणून अक्षरात घुसतो. ज्या अंकाच्या कोडमध्ये एक हा बिट विषम वेळा येतो त्याचा आठवा बिट चढतो आणि अक्षर बिघडतं. बाकीचे अंक शाबूत राहतात. हिशोब करून पाहा: ०, ३, ५, ६ आणि ९ स्वच्छ येतात, तर १, २, ४, ७ आणि ८ बिघडतात. पडद्यावर नेमकी हीच विभागणी दिसली तर केबल, चिप, व्हीएम कशालाच हात लावू नका. सात बिट आणि ईव्हन पॅरिटी निवडा, वजन सरळ येईल.

सगळीच अक्षरं कचरा असतील तर बॉड रेट, म्हणजे पाठवण्याचा वेग, चुकला. काट्याच्या मेनूत किंवा माहितीपुस्तिकेत तो मिळतो. २४०० आणि ९६०० हे नेहमीचे. काहीच येत नसेल तर केबलमधली २ आणि ३ क्रमांकाची पिन उलट करून पाहायची वेळ आली, म्हणजे सरळ केबलच्या जागी नल मोडेम केबल. आणि ही सगळी चाचणी आधी होस्टवर, व्हीएम बंद ठेवून करा. होस्टवर पुट्टीत वजन दिसत नसेल तर व्हीएममध्ये ते दिसणार नाही.

चाचणी झाल्यावर पुट्टी बंद करायला विसरू नका. ती उघडी राहिली तर पोर्ट तिच्या ताब्यात राहतो आणि व्हीएम सुरू होताना होस्ट डिव्हाइस उघडता येत नाही असा संदेश येतो.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये बॉड रेट कुठे ठरवायचा?

कुठेच नाही. गेस्टमधल्या सॉफ्टवेअरने जो ठरवला तो होस्ट डिव्हाइस मोडमध्ये खऱ्या पोर्टपर्यंत पोचतो. पाइप, फाइल आणि टीसीपीमध्ये बॉड रेटला अर्थ उरत नाही, अक्षरं जमेल तितक्या वेगाने जातात. तिथे आरटीएस, सीटीएस या रेषांवरही (पाठव किंवा थांब हे सांगणारा हार्डवेअर हँडशेक) विसंबू नका. हार्डवेअर हँडशेक लागणाऱ्या यंत्राला होस्ट डिव्हाइसच द्या.

होस्टवर उबुंटू आहे. कन्व्हर्टर लावला की क्षणभर दिसतो आणि गायब होतो.

उबुंटू २२.०४ वर सीएच३४० चिप असेल तर संशयित एकच: बीआरएलटीटीवाय. ही दृष्टिहीन वापरकर्त्यांच्या ब्रेल डिस्प्लेसाठी असलेली सेवा आहे. सीएच३४० चा ओळख क्रमांक, १ए८६ आणि ७५२३, काही ब्रेल उपकरणांशी जुळतो, म्हणून ती कन्व्हर्टर आपला समजून उचलते. ब्रेल डिस्प्ले कोणी वापरत नसेल तर ते पॅकेज काढा. कोणी वापरत असेल तर ते अजिबात काढू नका. फक्त त्या ओळख क्रमांकाचा यूडेव्ह नियम (वस्तू लागली की काय करायचं ते लिनक्सला सांगणारा) बंद करा.

दिसतो पण उघडत नाही, असं असेल तर तुमचा वापरकर्ता डायलआउट गटात आहे का ते पाहा. पहिले काही सेकंद पोर्ट व्यस्त राहत असेल तर मोडेममॅनेजर त्याच्याशी मोडेम समजून बोलत असतो. आणि कन्व्हर्टर यूएसबी म्हणून द्यायचा असेल तर वापरकर्ता व्हीबॉक्सयूजर्स गटातही लागतो, नाहीतर व्हर्च्युअलबॉक्सच्या यूएसबी यादीत काहीच दिसत नाही. गटात घातल्यावर एकदा लॉगआउट करून परत यावं लागतं, हे बऱ्याच जणांचं राहून जातं.

यूएसबी १.१, २.० आणि ३.० यातला कंट्रोलर कोणता निवडू?

गेस्टकडे पाहून ठरवा. विंडोज ८ आणि पुढे, किंवा अलीकडचं लिनक्स असेल तर ३.०. विंडोज ७ मध्ये ३.० चा ड्रायव्हर मुळात नाही, म्हणून २.०. एक्सपीलाही २.०.

आधी २.० आणि ३.० साठी एक्स्टेंशन पॅक बसवावा लागे. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या ७.० आवृत्तीपासून दोन्ही मूळ पॅकेजमध्येच आहेत. जुने लेख वाचून उगाच एक्स्टेंशन पॅक बसवू नका. त्याचा परवाना वैयक्तिक आणि शैक्षणिक वापरापुरता फुकट आहे; कंपनीत वापरायचा तर विकत घ्यावा लागतो. लहान व्यावसायिकाने ही गोष्ट मनावर घ्यावी.

यूएसबी फिल्टर म्हणजे काय? दर वेळी मेनूतून जोडावं लागू नये म्हणून तो घातला, तरी बोर्ड मधूनच सुटतो.

फिल्टर म्हणजे व्हर्च्युअलबॉक्सला दिलेली सूचना: अशा ओळखीची वस्तू लागली की ती या व्हीएमकडे पाठव. ओळख ठरते व्हेंडर आयडी, प्रॉडक्ट आयडी, सिरियल नंबर वगैरे रकान्यांवरून. जो रकाना रिकामा, तो काहीही चालेल असा धरला जातो.

बोर्ड सुटतो तो यातूनच. अर्डुइनो लिओनार्डोमध्ये प्रोग्रॅम चढवताना बोर्ड स्वतःला रीसेट करून बूटलोडरमध्ये (नवा प्रोग्रॅम आत घेणारा छोटा प्रोग्रॅम) जातो, आणि त्या वेळी त्याचा प्रॉडक्ट आयडी बदलतो: नेहमीचा ८०३६, बूटलोडरमध्ये ००३६. फिल्टरमध्ये पहिलाच लिहिला असेल तर दुसऱ्या रूपातला बोर्ड होस्टकडे जातो आणि गेस्टमध्ये अपलोड अर्ध्यावर मरतं. प्रॉडक्ट आयडी आणि नाव हे रकाने रिकामे करा, व्हेंडर आयडी २३४१ ठेवा. अँड्रॉइड फोन फास्टबूटमध्ये जातो तेव्हाही हाच प्रकार होतो.

मात्र सगळेच रकाने रिकामे ठेवू नका. असा फिल्टर लागेल ती प्रत्येक वस्तू गिळतो, त्यात होस्टचा कीबोर्ड आणि माउससुद्धा येतो.

जीएसटी आणि ई-टेंडरसाठीचं डिजिटल सिग्नेचर टोकन व्हीएममध्ये चालेल का?

चालतं. टोकन यूएसबी म्हणून गेस्टला द्या, टोकनचा ड्रायव्हर आणि पोर्टलचं साइनिंग सॉफ्टवेअर दोन्ही गेस्टमध्ये बसवा. होस्टवर त्याच टोकनचं सॉफ्टवेअर चालू असेल तर ते आधी बंद करा. वेगवेगळ्या पोर्टलना वेगवेगळ्या आवृत्त्या लागतात, म्हणून या कामाला स्वतंत्र व्हीएम ठेवणं मला शहाणपणाचं वाटतं.

व्हीएमवेअर वर्कस्टेशनमध्ये स्मार्ट कार्ड जातीची टोकन यादीत शेअर्ड म्हणून दिसतात, म्हणजे होस्ट आणि गेस्ट दोघांना एका आभासी रीडरमधून. काही टोकनचे ड्रायव्हर त्या रीडरला ओळखत नाहीत आणि टोकन थेट द्यावं लागतं.

सगळ्यात फसवी अडचण रिमोट डेस्कटॉपची. टोकन सर्व्हरवरच्या व्हीएमला व्यवस्थित जोडलेलं असतं, डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसतं, पण रिमोट डेस्कटॉपने आत गेलं की साइनिंग सॉफ्टवेअर म्हणतं टोकन नाही. विंडोज रिमोट सत्रात स्मार्ट कार्डची विचारणा तुमच्या समोरच्या मशीनकडे वळवतं, दूरच्या मशीनला लावलेल्या कार्डाकडे बघतच नाही. मग दोन मार्ग: टोकन स्वतःच्या लॅपटॉपला लावून रिमोट डेस्कटॉपमध्ये स्मार्ट कार्डची खूण चालू करा, किंवा व्हीएमच्या स्वतःच्या कन्सोल खिडकीतून काम करा.

आणि टोकन म्हणजे सही आहे. ते सर्व्हरला कायम लावून, पिन वहीत लिहून ठेवणं म्हणजे कोऱ्या चेकवर सही करून ठेवण्यासारखं आहे.

एलपीटी डाँगल (पॅरलल पोर्टला लावायची परवान्याची किल्ली) असलेलं जुनं सॉफ्टवेअर आहे. यूएसबी ते पॅरलल केबल घेतली तर चालेल का?

नाही चालणार. ती केबल फक्त प्रिंटरसाठी असते. संगणकाला ती यूएसबी प्रिंटर म्हणून दिसते. डाँगल शोधणारं सॉफ्टवेअर ३७८ या पत्त्यावर थेट वाचतं आणि तिथे त्याला काहीच सापडत नाही. होस्टला खरा पॅरलल पोर्ट असेल तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये आज्ञेने एलपीटी१ जोडता येतो, सेटिंगच्या खिडकीत त्याचं पान नाही. व्हीएमवेअर वर्कस्टेशनमध्ये पॅरलल पोर्ट हार्डवेअर म्हणून घालता येतो. तरी डाँगल चालेलच असं गृहीत धरू नका. असं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी अजून उभी असेल तर यूएसबी डाँगल बदलून मागणं हाच टिकाऊ उपाय.

डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचं मात्र जमतं. व्हीएमवेअरमध्ये पॅरलल पोर्ट आउटपुट फाइलला जोडा, डॉसमधून छापा, आणि ती फाइल होस्टवरून प्रिंटरला आहे तशी पाठवा. गेट पास आणि बिलाच्या कार्बन प्रती अशा निघू शकतात.

पॅरलल पोर्टवरून चालणारं सीएनसी मशीन व्हीएममधून चालवू का?

नका चालवू. मॅक३ किंवा लिनक्ससीएनसी ही मशीन चालवणारी सॉफ्टवेअर स्टेपर मोटरला पल्स पाठवतात ते मायक्रोसेकंदांच्या हिशोबाने. व्हीएम होस्टच्या इतर कामांमध्ये वेळ वाटून घेते, पल्स मागेपुढे होतात, मोटर पावलं चुकवते. जॉब वाया जाईल, टूल तुटेल, कोणाला इजाही होऊ शकते. ड्रॉइंग आणि जी-कोड तयार करायला व्हीएम हवी तितकी वापरा, मशीनला मात्र खराच संगणक लावा. जुन्या सीएनसी कंट्रोलरला आरएस-२३२ वरून फक्त प्रोग्रॅम पाठवायचा असेल तर गोष्ट वेगळी. तिथे कंट्रोलर स्वतः पल्स बनवतो, त्यामुळे व्हीएमचा कॉम पोर्ट चालतो. फक्त हँडशेक नीट लावा.

लिनक्स सर्व्हरच्या व्हीएमला सिरियल पोर्ट कशाला द्यायचा?

कारण एक दिवस नेटवर्कची फाइल चुकेल, एसएसएच, म्हणजे दुरून लॉगिन, बंद पडेल, आणि ग्राफिकल कन्सोलमध्ये मजकूर कॉपीही करता येणार नाही. सिरियल कन्सोल त्या दिवशी काम करतो. तो अडचण येण्याआधी जोडलेला असावा लागतो, म्हणून प्रत्येक लिनक्स व्हीएमला तो पहिल्याच दिवशी द्या असं मी आग्रहाने सांगतो.

गेस्टमध्ये ग्रबच्या (लिनक्स सुरू करणारा प्रोग्रॅम) सेटिंगमध्ये कर्नलला दोन कन्सोल द्यायचे, आधी टीटीवाय० आणि मग टीटीवायएस० सोबत ११५२०० हा वेग. क्रम महत्त्वाचा, कारण शेवटी लिहिलेला मुख्य कन्सोल होतो. मग ग्रब अपडेट करून रीबूट करा; सिस्टमडी असेल तर त्या पोर्टवर लॉगिन आपोआप येतं. बूट मेनूही तिथे हवा असेल तर ग्रबचं टर्मिनलसुद्धा सिरियलवर वळवावं लागतं.

केव्हीएमवर व्हर्श कन्सोल आणि व्हीएमचं नाव एवढं पुरतं. बाहेर पडायला कंट्रोल आणि उजवा चौकोनी कंस. प्रॉक्समॉक्समध्ये सिरियल पोर्ट सॉकेट म्हणून घाला, बाहेर पडायला कंट्रोल-ओ. पडदा रिकामा दिसला तर एकदा एंटर दाबा. लॉगिनची ओळ तुम्ही जोडण्याआधीच येऊन गेलेली असते.

दोन व्हीएम एकमेकींना सिरियल केबलने जोडता येतात का?

येतात. दोन्हींना एकाच नावाचा होस्ट पाइप द्या. एकीत कनेक्ट टू एक्झिस्टिंगची खूण काढा, दुसरीत करा. जिची खूण काढली ती आधी सुरू करा. विंडोजचं कर्नल डिबगिंग शिकवायला आणि लॅबमध्ये सिरियल संवादाचे प्रयोग करायला हे उत्तम आहे, आणि कोणालाही खरी केबल लागत नाही.

व्हीएमवेअरमध्ये सिरियल पोर्ट घातला, पण गेस्टमध्ये कॉम१ वर काहीच येत नाही.

व्हर्च्युअल प्रिंटर घातलेला आहे का पाहा. तो आतून सिरियल पोर्टच वापरतो आणि पहिला क्रमांक घेऊन बसतो, त्यामुळे तुमचा पोर्ट गेस्टमध्ये कॉम२ किंवा टीटीवायएस१ होतो. व्हीएमच्या सेटिंगच्या व्हीएमएक्स फाइलमध्ये सिरियल० पुढे थिनप्रिंट असं दिसलं तर खात्री झाली. प्रिंटर काढा किंवा दुसरा पोर्ट वापरा.

हायपर-व्हीमध्ये?

तिथे सिरियलचा एकच मार्ग आहे, नेम्ड पाइप. जनरेशन १ च्या व्हीएमला कॉम१ आणि कॉम२ सेटिंगमध्येच दिसतात. जनरेशन २ मध्ये ते दिसत नाहीत, पण पॉवरशेलमध्ये सेट-व्हीएमकॉमपोर्ट या आज्ञेने जोडता येतात. पाइप उघडताना पुट्टी अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. खऱ्या कॉम पोर्टला थेट जोडायची सोय नाही आणि व्हर्च्युअलबॉक्ससारखी सरसकट यूएसबीही देता येत नाही. काटा किंवा डाँगल हे मुख्य काम असेल तर हायपर-व्ही निवडू नका.

पोर्टची सेटिंग करडी दिसते, बदलताच येत नाही.

व्हीएम चालू आहे किंवा सेव्ह्ड स्टेटमध्ये आहे. खिडकी बंद करताना सेव्ह द मशीन स्टेट निवडलं असेल तर ती झोपलेली असते, बंद झालेली नसते. ती सुरू करा, आतून शटडाउन करा, मग सेटिंग उघडा.

जोडलेली व्हीएम दुसऱ्या संगणकावर नेली आणि ती सुरूच होत नाही. आतला डेटा गेला का?

डेटा जागेवर आहे. व्हीएमच्या सेटिंगमध्ये कॉम३ हा पाथ लिहिलेला आहे आणि नव्या संगणकावर कॉम३ नाही, म्हणून व्हर्च्युअलबॉक्स मशीन उघडायलाच नकार देतं. सिरियल पोर्ट्समध्ये जाऊन मोड डिस्कनेक्टेड करा. गेस्टला पोर्ट दिसत राहील आणि मशीन सुरू होईल. मग कन्व्हर्टर लावा, होस्टवर त्याला कोणता क्रमांक मिळाला ते पाहा, व्हीएम बंद करून तो पाथ भरा. यूएसबी फिल्टर व्हीएमसोबत येतात, पण होस्ट लिनक्स असेल तर नव्या मशीनवर व्हीबॉक्सयूजर्स गटाचं काम पुन्हा करावं लागतं.